नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते का?
"मनाच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत," असा मेसेज खान्देशातल्या घरोघरच्या ग्रुपवर फिरत असतो. भीती उगाच नाही. कापूस वेचणीच्या गडबडीत चार दिवस गोळी राहिली की चक्कर येते, जीव घाबरा होतो आणि सवय लागली असंच वाटतं. पण व्यसनात तलफ येते, मात्रा वाढवत न्यावी लागते. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांत तसं होत नाही. बरं वाटल्यावरही त्या सहसा किमान ६ महिने घ्याव्या लागतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र खरंच सवय लागते, म्हणून त्या थोडेच दिवस देतात. खात्री करायची तर चिठ्ठी घेऊन सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत विचारा: कोणती गोळी कशासाठी, किती दिवस? जाणं जमत नसेल तर १४४१६ वर, म्हणजे सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, फोन करा. मराठीत बोलता येतं, रात्रीही, फुकट.