पांढरं लाकूड निळं-काळं का पडतं?

पावसाळ्याच्या तोंडावर पडलेल्या आंब्याचा ओंडका बांधावर पंधरा दिवस तसाच राहिला आणि मग चिरला, तर सालीकडून गाभ्याकडे निमुळत्या होत गेलेल्या निळसर करड्या पट्ट्या हमखास दिसतात. चौकटीला किंवा खोक्याला ते लाकूड चालून जातं. कातकामाला चालत नाही. लेथवर चढवून कातलेल्या भोवऱ्याची, रवीची, वाडग्याची सगळी शोभा त्या फिकट, एकसारख्या पोतात असते.

आंबा, सालई, काळा कुडा ही मराठवाड्यातली फिकट लाकडं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी परंपरेने काळ्या कुड्याच्याच हस्तिदंती लाकडाची असतात आणि किनवटच्या रानात हे झाड चांगलं वाढतं. गंमत म्हणजे त्याच्या पानांपासून निळीसारखा रंग काढता येतो. पण लाकडातल्या निळ्या डागाशी त्या रंगाचा काही संबंध नाही. तो डाग बुरशीचा.

उष्ण प्रदेशात हे काम बहुतेकदा लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी नावाची बुरशी करते. केशर आंब्याला देठाकडून कुजवते तीच ही. लाकडाच्या आडव्या किरणपेशींमध्ये झाडाने साठवलेली साखर आणि स्टार्च ती खाते. लाकडाचा सांगाडा असलेल्या सेल्युलोजला फारसा हात लावत नाही. म्हणून डागाळलेलं लाकूड सहसा पोकळ किंवा भुसभुशीत होत नाही, फक्त विद्रूप होतं. खरं तर तिचे तंतू तपकिरी असतात. लाकडाच्या आतून प्रकाश विखरून बाहेर येतो, म्हणून आपल्याला ते निळे दिसतात. तिला 25 ते 30 अंश तापमान, हवा आणि ओलावा लागतो. लाकडातलं पाणी कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली गेलं की ती थांबते.

डागाचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण त्यात बुरशी नसतेच. झाड तोडलं तरी त्याच्या काही पेशी बरेच दिवस जिवंत असतात. लाकूड उबेत सावकाश वाळत राहिलं, की त्यांतली विकरं (एन्झाइम) फिनॉल जातीच्या द्रव्यांचा ऑक्सिजनशी संयोग घडवतात आणि करडा-तपकिरी रंग तयार होतो. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं ते याच रसायनाने. पृष्ठभाग लवकर वाळल्यामुळे वरून फळी शुभ्र दिसते. रंधा मारला, एखादा मिलिमीटर निघाला, की खालचा मळकटपणा उघडा पडतो. यावर बुरशीनाशकाचा उपयोग नाही.

दोन्हींवर उपाय एकच: लाकूड झटपट वाळवणं. अडचण अशी की झटपट वाळलेलं लाकूड तडकतं, आणि मराठवाड्याचं ऊन तडे पाडण्यात पटाईत. एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता 25 टक्क्यांखाली जाते. अशा हवेत लाकूड पाच-सहा टक्के ओलाव्यापर्यंत उतरू पाहतं. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: फिकट लाकडाची तोड डिसेंबर-जानेवारीतच करावी. हवा कोरडी असते, पण भाजून काढणारी नसते, आणि पहाटेच्या गारव्यात बुरशीही मंदावते.

तोडल्यावर मात्र ओंडका पडून राहू देऊ नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी चिरावा. दोन्ही टोकांना वितळलेलं मेण लावावं, कारण टोकांतून पाणी सर्वांत वेगाने जातं आणि तडे तिथूनच सुरू होतात. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत, वारं खेळेल अशा जागी थप्पी लावावी. पट्ट्या वाळलेल्याच हव्यात. ओल्या पट्टीखाली तिच्याच रुंदीचा डाग उमटतो.

वाडगा करायचा असेल तर थप्पीचीही वाट पाहू नये. लाकूड ओलं असतानाच ढोबळ कातून घ्यावं आणि भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ठेवावी, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या वाडग्याला 2 सेंटिमीटर. पातळ भिंत सारखी वाळते. वाकडी झाली तरी पुन्हा कातायला जाडी उरते. काही कारागीर हा ढोबळ वाडगा तासभर पाण्यात उकळतात. त्याने बुरशी मरते, विकरं निकामी होतात आणि पेशींचाही निकाल लागतो. भांडं स्टीलचं घ्यावं. लोखंडी कढई घेतली तर लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोह मिळून निळी-काळी शाई तयार होते. हिरड्यापासून शाई करायची जुनी रीत हीच.

लोखंडाचा डाग ओळखणं सोपं आहे: ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकला की तो फिका पडतो, बुरशीचा पडत नाही. हे आम्ल विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालावेत आणि नंतर लाकूड भरपूर पाण्याने धुवावं. ओल्या लाकडात खिळा ठोकणं, त्यावर लोखंडी वजन ठेवणं किंवा ते स्टील वूलने (लोखंडी तारांच्या बोळ्याने) घासणं आधीच टाळलं तर ही वेळच येत नाही.

इतकं जपलेलं लाकूड शेवटी जवसाच्या तेलाने पिवळं करणारेही भेटतात. जवस तेल मुळात पिवळसर असतं आणि वयाबरोबर आणखी गडद होतं. फिकट लाकडाला पाण्यात मिसळून लावायचं ॲक्रिलिक किंवा रंग काढलेली लाख बरी. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन हे द्रव्य पिवळं पडतंच, म्हणून असा वाडगा खिडकीत ठेवू नये.