तारामासा आणि ब्रिटल स्टार: हात दोघांनाही पाच, जेवायची तऱ्हा निराळी

मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकच्या दुकानात तारामासा आणि त्याचा नातलग ब्रिटल स्टार, दोघांच्याही पिशवीवर एकच चिठ्ठी असते: ‘स्टारफिश’. माझ्या पहिल्या टँकसाठी मी वाळूत पुरून राहणारा एक तारामासा घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, “वाळू साफ ठेवतो, खायला वेगळं काही लागत नाही.” चार महिन्यांनी एका हाताचं टोक पांढरं पडून विरघळायला लागलं आणि पुढच्या दोन दिवसांत सगळा संपला. पाणी मी पुन्हा पुन्हा तपासलं, पण पाण्यात काहीच खोट नव्हती. तो चार महिने उपाशी होता.

तेव्हा घेण्याआधी पिशवी हातात धरून हात आणि मधलं अंग कुठे जुळतं ते पाहा. खऱ्या तारामाशाचे हात मुळाशी रुंद असतात. मधलं अंग कुठे संपलं आणि हात कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. ब्रिटल स्टारच्या मध्यभागी बटणासारखी वेगळी चकती असते आणि तिला चाबकासारखे बारीक हात फुटलेले असतात. शंका राहिलीच तर उलट्या बाजूने बघा. तारामाशाच्या प्रत्येक हाताखाली उघडी खाच असते आणि तिच्यात नळीसारख्या पायांच्या रांगा वळवळत असतात. ब्रिटल स्टारची ही खाच झाकलेली असते. चालीतही फरक पडतो. तारामासा त्या असंख्य पायांवर इंचाइंचाने सरकतो, ब्रिटल स्टार हातांनी वल्ही मारल्यासारखा झपकन दगडाआड जातो.

हा फरक दिसण्यापुरता नाही. तारामाशाच्या हातांत पाचक ग्रंथी असतात, अन्नाचा साठा तिथेच राहतो. म्हणून खाणं मिळालं नाही तरी तो या साठ्यावर कित्येक महिने काढतो, आणि आपल्याला वाटतं की छान चाललंय. वाळूतल्या जातीचं (अ‍ॅस्ट्रोपेक्टेन, या वंशाच्या जाती आपल्या कोकण किनाऱ्यावरही आहेत) नेमकं हेच होतं. घरच्या टँकमधल्या वाळूतले बारीक जीव तो थोड्या आठवड्यांत फस्त करतो आणि मग साठा मोडून खात बसतो. निळा लिंकिया हा तारामासा दिसायला सगळ्यांत देखणा, पण दगडांवरचा सूक्ष्म थर खाऊन जगणारा, आणि तो थर लहान टँकमध्ये पुरत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही घरी आणूच नयेत.

पोसता येतो तो चॉकलेट चिप नावाचा तारामासा, पाठीवर गडद शंकू असलेला. त्याला अन्न शोधायला लावू नका, अन्नच त्याच्यापाशी न्या. कोळंबीचा, माकुळाचा किंवा तिसरीच्या मांसाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चिमट्याने त्याच्या हाताखाली सरकवायचा, आठवड्यातून दोन-तीनदा. बाजारातली कोळंबी चालते, फक्त मीठ-हळद लावण्याआधी बाजूला काढा आणि धुऊन घ्या. तो तुकड्यावर पाठ उंचावून बसतो, पोट तोंडातून बाहेर काढतो आणि बाहेरच पचवायला लागतो. याला तास-दोन तास सहज लागतात. तेवढ्यात हर्मिट खेकडे तुकडा पळवतात, म्हणून मी वर जाळीची टोपली उपडी घालतो. नावात मासा आहे म्हणून माशांचे फ्लेक्स टाकून भागत नाही. शिवाय टँकमध्ये कोरल (प्रवाळ) असतील तर याला आणू नका. सॉफ्ट कोरल आणि स्पंज तो खाऊन टाकतो.

ब्रिटल स्टारचं सगळंच सोपं. त्याचे महत्त्वाचे अवयव चकतीत असतात, हात फक्त फिरण्या-पकडण्यासाठी. कोळंबीचा वास पाण्यात पसरला की दगडांच्या फटींतून हाताची टोकं बाहेर येतात, तुकडा गुंडाळतात आणि पाच जबड्यांच्या तोंडाकडे नेतात. माशांचं उरलंसुरलं अन्न तो स्वतःच वेचतो. आठवड्यातून एक-दोनदा तुकडा दिला की झालं. अपवाद हिरव्या ब्रिटल स्टारचा. तो रात्री हातांवर उंच उभा राहतो, खाली आसरा शोधत आलेल्या लहान माशाला हातांच्या पिंजऱ्यात अडकवतो आणि गिळतो. सकाळी मासे मोजताना एक कमी भरला तर आधी त्याच्याकडे बघा. ब्रिटल स्टारला हाताने उचलू मात्र नका. पकडलेला हात तो तिथेच तोडून सोडतो. तो पुन्हा उगवतो, पण हलवायचं असेल तर वाडग्यात पाण्यासकट घ्या.

पाण्याच्या बाबतीत मात्र दोघेही सारखेच हळवे. यांच्या अंगातल्या नळ्यांमध्ये जवळजवळ समुद्राचंच पाणी फिरतं, त्यामुळे खारटपणा एकदम बदलला तर सावरायची सोय नाही. पाण्याची घनता (गोड्या पाण्याची १ धरून) १.०२५ च्या आसपास स्थिर ठेवा. नवीन आणल्यावर पिशवीतलं पाणी एका डब्यात घेऊन हवेच्या पंपाच्या बारीक नळीला (एअरलाइन) गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब सोडा, निदान दोन तास. माशांच्या रोगांवरचं तांब्याचं औषध दोघांनाही विषच. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी उडून खारटपणा रोज वर सरकतो. तेवढी भर साध्या आरओच्या पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. तापमान २५-२६ अंशांवर ठेवायला एप्रिल-मेमध्ये चिलर लागतोच.

आणि लाइव्ह रॉक (जिवंत सूक्ष्म जीव वसलेला समुद्री दगड) आणला असेल तर ब्रिटल स्टार विकत घ्यायच्या आधी रात्री टॉर्च मारून फटींत आणि सम्पमध्ये (टँकखालच्या गाळणीच्या टाकीत) बघा. नखाएवढ्या चकतीचे, केसासारख्या हातांचे बारीक ब्रिटल स्टार दगडाबरोबर फुकट आलेले असतात. ते तिथेच पिल्लं घालतात, कोरलला हात लावत नाहीत आणि त्यांना वेगळं काही भरवावं लागत नाही.