रिपोर्टमधला तो एक ठळक आकडा

रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक अक्षरं शोधते. एखाद्या आकड्यापुढे वर किंवा खाली तोंड केलेला छोटा बाण असतो. बाकीच्या चाळीस ओळी व्यवस्थित आहेत याकडे लक्षच जात नाही, आणि त्या एका ओळीपायी झोप उडते. लॅबच्या काउंटरवर असे घाबरलेले चेहरे मी इतके पाहिले आहेत की, हा बाण येतो कुठून, हे एकदा नीट सांगायलाच हवं.

तो येतो शेजारी छापलेल्या रेफरन्स रेंजवरून. ही रेंज ठरवण्यासाठी निरोगी माणसांचा एक गट निवडतात, शक्यतो किमान 120 जणांचा. सगळ्यांची तीच टेस्ट करतात, आलेले आकडे चढत्या क्रमानं मांडतात आणि मधले 95 टक्के ठेवतात. वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के बाहेर जातात. पण बाहेर गेलेली ती माणसंही निरोगीच होती! म्हणजे दर 20 धडधाकट माणसांत एकाच्या आकड्यापुढे बाण येणार, हे रेंज ठरवतानाच ठरून गेलेलं असतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट एका निरोगी माणसानं एकदम केल्या, तर सगळे आकडे रेंजमध्ये येण्याची शक्यता जेमतेम 36 टक्के उरते. म्हणूनच 1969 मध्ये राल्फ ग्रेसबेक आणि निल्स-एरिक सारिस या फिनलंडच्या संशोधकांनी ‘नॉर्मल’ऐवजी ‘रेफरन्स’ हा शब्द सुचवला. मला तो बदल फार मोलाचा वाटतो.

सगळ्याच सीमा मात्र अशा ठरत नाहीत. कोलेस्टेरॉलची किंवा एचबीए1सीची (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी टेस्ट) सीमा आजाराच्या धोक्यावरून ठरलेली असते. तिथं ‘सगळ्यांचं एवढंच असतं’ म्हणून निश्चिंत राहता येत नाही. एचबीए1सी 6.5 टक्के किंवा जास्त आला, तर मधुमेहाचा विचार करावाच लागतो. त्यातही रक्तक्षय असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर हा आकडा फसवू शकतो, कारण तो सुमारे 120 दिवस जगणाऱ्या तांबड्या पेशींवर जमलेली साखर मोजतो.

आता एकच ट्यूब जवळून पाहू. पोटॅशियमचा रिपोर्ट 6.2 आला आहे, रेंज 3.5 ते 5.0. हृदयाच्या ठोक्यांशी थेट संबंध असलेला हा क्षार, त्यामुळे घाबरणं साहजिक आहे. पण रक्तातलं बहुतेक पोटॅशियम तांबड्या पेशींच्या आत असतं, बाहेरच्या द्रवापेक्षा साधारण 30 पट. शीर सापडत नव्हती, बारीक सुईतून रक्त जोरानं ओढलं, ट्यूब जोरात हलवली, की काही पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे ट्यूब गरगर फिरवून पेशी तळाशी बसवणाऱ्या मशीनमधून, ट्यूब बाहेर काढली की वर फिकट पिवळा द्रव दिसायला हवा, तो गुलाबी किंवा लालसर दिसतो. यालाच हिमोलिसिस म्हणतात. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’ असा शेरा असतो. तो आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे, पण वाचला जात नाही. रक्त देताना मूठ पुन्हा पुन्हा आवळली तरी पोटॅशियम वाढतं, आणि तेव्हा तर द्रव गुलाबीही होत नाही.

रंगीत झाकणांची गोष्टही इथलीच. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं, तर पेशी साखर खात राहतात आणि साखर ताशी साधारण 5 ते 7 टक्के घटते. फ्लोराइड ही घट आवरतं. निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंतच भरावी लागते, कारण तिथं रक्त आणि आधीच भरलेल्या, रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं प्रमाण 9 ला 1 ठरलेलं आहे. ती अर्धवट भरली, तर गोठण्याची टेस्ट चुकते. काही मोजक्या लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात. मशीन तो पुंजका एकच पेशी समजतं आणि प्लेटलेट भलत्याच कमी दाखवतं. स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पुंजके स्पष्ट दिसतात. मग निळ्या ट्यूबमध्ये सॅम्पल घेऊन पुन्हा मोजतात, आणि प्लेटलेट बहुतेक वेळा पुरेशा निघतात.

लॅबमधल्या बहुतेक चुका मशीनमध्ये होत नाहीत, मशीनच्या आधी होतात. त्यातला काही भाग आपल्या हातात असतो. उपाशीपोटी म्हणजे सहसा 8 ते 12 तास काही न खाणं. साधं पाणी चालतं, उलट प्यावंच, शीर सापडायला सोपी जाते. आदल्या दिवशी दणकून व्यायाम केला, तर स्नायूंचे एन्झाइम वाढलेले दिसतात. केस-नखांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा. थायरॉइडच्या आणि ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) काही टेस्ट त्यामुळे बिघडतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशाराही दिला होता.

जुना रिपोर्ट शेजारी ठेवून वाचताना आधी एकक बघा. साखर 90 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि 5 मिलिमोल प्रति लिटर, दोन्ही एकच. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 0.9 वरून 1.0 झालं म्हणून किडनी बिघडली असं नसतं. शरीर आणि मशीन मिळून एवढा चढउतार होतच असतो. आणि ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचं वजन आजार किती दुर्मीळ आहे यावर ठरतं. हजारात एकाला होणाऱ्या आजाराची टेस्ट निरोगी माणसांत 5 टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह येत असेल, तर हजार जणांत एक खरा रुग्ण सापडेल आणि जवळपास 50 जण उगाच धास्तावतील. पक्कं निदान करणारी दुसरी टेस्ट म्हणूनच सांगतात.

बिलातही बरेचदा सॅम्पलच्या लॅबमधल्या प्रवासाच्या खुणा दिसतात. चिठ्ठीवर एक टेस्ट आणि बिलात दोन, असं का? थायरॉइडची टीएसएच ही टेस्ट रेंजबाहेर आली की काही ठिकाणी लॅब आपणहून टी4 ही थायरॉइडचीच दुसरी टेस्ट करते. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या टेस्टमध्ये, जंतू वाढले, तरच त्यांच्यावर कोणतं औषध चालेल याची टेस्ट होते, तिचा खर्च वेगळा. क्वचित होणारी टेस्ट दुसऱ्या लॅबकडे जाते आणि तिचं बिल वेगळ्या नावानं येतं. विमा असेल तर टेस्टचं कारण डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं लागतं; ते नसलं की दावा अडतो. पण प्रोफाइलमध्ये, म्हणजे एकत्र केलेल्या टेस्टच्या संचात, सोडियम असताना तेच सोडियम पुन्हा सुटं लावलेलं असेल, तर ते विचारायलाच हवं. टेस्टनिहाय बिल मागा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ओळीनं ताडून बघा. हिमोलिसिसमुळे पुन्हा रक्त द्यायला बोलावलं असेल, तर दुसऱ्यांदा पैसे का, हेही नि:संकोच विचारा. रक्त देतानाच हे प्रश्न विचारले तर उत्तर सोपं जातं.

एक गोष्ट मात्र कधीही टाळू नका: लॅबमधून आलेला फोन. काही आकडे इतके धोक्याचे असतात की छापील रिपोर्टची वाट न पाहता लॅबनं डॉक्टरांना तात्काळ कळवायचं असतं. ही कल्पना 1972 मध्ये अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी मांडली, आणि आज जगभरच्या लॅब ती पाळतात. पोटॅशियम 6.2 आलंय, पुन्हा सॅम्पल द्या, असा निरोप आला तर उद्यावर ढकलू नका. द्रव गुलाबी होता की नाही हे विचारा आणि त्याच दिवशी जाऊन दुसरं सॅम्पल द्या. डॉक्टर ईसीजी सांगतील, तोही तेव्हाच काढून घ्या.