स्वीडनमधील विद्यापीठांचा खर्च: इनामी शेतांपासून परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कापर्यंत

स्वीडनमध्ये उच्च शिक्षण फुकट मिळते, असे आपल्याकडे आजही अनेकजण खात्रीने सांगतात. हे विधान अर्धेच खरे आहे. स्वीडनसह युरोपीय संघ, युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि स्वित्झर्लंड येथील नागरिकांकडून तेथील विद्यापीठे शिकवणीचे शुल्क घेत नाहीत. मात्र २०११ च्या शरद सत्रापासून भारतासारख्या इतर देशांतून पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्यांना हे शुल्क भरावे लागते. त्या नियमाकडे केवळ एका सरकारचा निर्णय म्हणून पाहिले, तर त्याचे वजन लक्षात येत नाही. विद्यापीठाचा भार कोणी उचलायचा, या प्रश्नाला स्वीडनने साडेपाचशे वर्षांत वेगवेगळी उत्तरे दिली आणि त्या देशातील उच्च शिक्षणाची घडण बऱ्याच अंशी त्या उत्तरांतून झाली.

पहिले उत्तर चर्चचे होते. आर्चबिशप याकोब उल्व्हसोन यांच्या खटपटीमुळे पोप सिक्स्टस चौथे यांनी १४७७ मध्ये अनुमती दिली आणि उप्साला येथे उत्तर युरोपातील नॉर्डिक देशांचे पहिले विद्यापीठ उभे राहिले. डेन्मार्कचे कोपनहेगन विद्यापीठ दोनच वर्षांनी, १४७९ मध्ये सुरू झाले, यावरून दोन शेजाऱ्यांमधील चढाओढीची कल्पना येते. शिकवणाऱ्यांचा निर्वाह चर्चच्या उत्पन्नावर चालत असल्यामुळे विद्यापीठाचे नशीबही चर्चशीच बांधलेले होते. राजा गुस्ताव्ह वासा याच्या काळात पोपची सत्ता झुगारणारी धर्मसुधारणा झाली, चर्चची मालमत्ता राजसत्तेकडे गेली आणि उप्सालातील अध्यापन जवळजवळ थांबले. १५९३ मध्ये तेथे भरलेल्या धर्मसभेने ल्युथरपंथी श्रद्धा पक्की केली आणि विद्यापीठाच्या पुनरुज्जीवनाचा मार्ग त्यानंतर मोकळा झाला, कारण नव्या पंथालाही शिकलेले धर्मोपदेशक हवेच होते.

खरे स्थैर्य आले ते १६२४ मध्ये. राजा गुस्ताव्ह दुसरा अडॉल्फ याने वासा घराण्याची, म्हणजे स्वतःच्या वारशाची, तीनशेहून अधिक शेते उप्साला विद्यापीठाला कायमची देऊन टाकली. मराठी वाचकाला यासाठी वेगळा शब्द शोधावा लागणार नाही. हे इनामच होते. फरक इतकाच की ते एखाद्या घराण्याला न मिळता एका संस्थेला मिळाले आणि टिकले. कुळांकडून येणाऱ्या खंडावर विद्यापीठाचा कारभार चाले आणि प्राध्यापकांच्या वेतनाचा मोठा हिस्सा धान्याच्या रूपाने मोजला जाई. गरीब घरांतील मुलांसाठी राजाने छात्रवृत्त्याही नेमून दिल्या. त्याआधी अशी अनेक मुले सुटीच्या दिवसांत गावोगावच्या चर्चच्या हद्दीतून धान्य आणि नाणी गोळा करत फिरत, म्हणजे एका अर्थाने माधुकरीच मागत. या दानातील जमिनी आणि जंगले आजही विद्यापीठाच्या मालकीची आहेत आणि त्यांचे उत्पन्न संशोधनाला व शिष्यवृत्त्यांना मिळते. चारशे वर्षांपूर्वीचा दानलेख इतक्या चोख रीतीने पाळला जाणे, ही माझ्या मते स्वीडनच्या सार्वजनिक जीवनातील फार मोठी गोष्ट आहे.

राजाचा हेतू निव्वळ विद्याप्रेमाचा नव्हता. विस्तारत्या राज्याला कारकून, न्यायाधीश, मुत्सद्दी आणि धर्मोपदेशक लागत होते. म्हणूनच स्वीडनच्या तेव्हाच्या ताब्यातील समुद्रापलीकडील प्रदेशांत विद्यापीठे निघाली: १६३२ मध्ये आजच्या एस्टोनियातील तार्तू येथे आणि १६४० मध्ये फिनलंडमधील ऑबो, म्हणजे तुर्कू येथे. १६५८ च्या रोस्किल्डे तहाने स्कोने हा सुपीक प्रांत डेन्मार्ककडून स्वीडनला मिळाला, तेव्हा तेथील तरुणांनी शिक्षणासाठी कोपनहेगनची वाट धरू नये आणि प्रांत मनाने स्वीडिश व्हावा, यासाठी १६६६ मध्ये लुंड विद्यापीठाची स्थापना झाली.

त्या काळातील विद्यार्थी आपापल्या प्रांतानुसार ‘नेशन’ नावाच्या मंडळांत एकत्र येत. उप्साला आणि लुंड येथे अशी प्रत्येकी तेरा मंडळे आजही आहेत. त्यांचे वाडे, ग्रंथालये, गायनवृंद आणि स्वस्त भोजन यांवाचून तेथील विद्यार्थिजीवनाची कल्पना करता येत नाही. त्या काळाची आणखी एक खूण वेळापत्रकात राहिली आहे. कागदावर दहा वाजता असलेले व्याख्यान सव्वादहाला सुरू होते आणि या पंधरा मिनिटांना ‘शैक्षणिक पाव तास’ म्हणतात. घरोघरी घड्याळे नव्हती, तेव्हा तासाची घंटा ऐकून विद्यार्थी निघे आणि पाव तासात पोहोचे, असे त्याचे मूळ सांगितले जाते. भारतातून गेलेला विद्यार्थी पहिल्या दिवशी बरोबर दहाला वर्गात पोहोचला, तर त्याला बहुधा रिकामे बाक दिसतात.

एकोणिसाव्या शतकात नव्या गरजांनी नव्या संस्था घडवल्या. १८०९ मध्ये फिनलंड रशियाकडे गेले आणि त्या युद्धात लष्करी शल्यवैद्यांची उणीव उघडी पडली, म्हणून १८१० मध्ये स्टॉकहोम येथे कारोलिन्स्का संस्था सुरू झाली. वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आज तेथूनच ठरते. गोथेनबर्गचा व्यापारी विल्यम चाल्मर्स हा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता आणि अनेक वर्षे चीनमध्ये राहिला होता. लिहितावाचता येणाऱ्या गरीब मुलांना हस्तोद्योग शिकवणारी शाळा निघावी, यासाठी त्याने मृत्युपत्रात संपत्तीचा मोठा भाग ठेवला. १८२९ मध्ये उघडलेल्या त्या शाळेतून आजचे चाल्मर्स तंत्रविद्यापीठ वाढले.

खासगी देणगीने आणखी एक दार उघडले. १८७३ मध्ये बहुतेक पदव्या स्त्रियांसाठी खुल्या झाल्या आणि १८८३ मध्ये एलेन फ्रीस उप्सालात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण सरकारी विद्यापीठांतील अध्यापनाची पदे मात्र बंदच होती. स्टॉकहोमची उच्च शिक्षणसंस्था १८७८ मध्ये नागरिकांच्या पैशावर सुरू झाली होती आणि तिला हे बंधन लागू नव्हते. त्यामुळे रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्हस्काया १८८४ मध्ये तेथे शिकवू लागल्या आणि १८८९ मध्ये कायमच्या प्राध्यापक झाल्या. सरकारी संस्थेत पहिल्या स्त्री प्राध्यापकाची, कारोलिन्स्कातील नान्ना स्वार्त्स यांची, नेमणूक होण्यास १९३७ उजाडावे लागले. राज्याच्या पैशाने स्वीडनच्या विद्यापीठांना आधार दिला हे खरे, परंतु राज्याचे नियमही त्यांना चिकटले, याची जाणीव हे अंतर पाहताना होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जबाबदारी जवळजवळ संपूर्णपणे करदात्यांकडे आली. गोथेनबर्ग १९५४ मध्ये विद्यापीठ झाले, स्टॉकहोमची संस्था १९६० मध्ये सरकारी विद्यापीठ बनली आणि १९६५ मध्ये उत्तरेकडील उमेओ येथे नवे विद्यापीठ सुरू झाले. त्याच १९६५ मध्ये लागू झालेली विद्यार्थी-साहाय्य योजना मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत दूरगामी पायरी वाटते. शिकवणीचे शुल्क नसले तरी खोलीचे भाडे, पुस्तके आणि जेवण यांचा खर्च असतोच. त्यासाठी राज्याने काही भाग अनुदान आणि उरलेला सवलतीच्या परतफेडीचे कर्ज देण्यास सुरुवात केली, आणि ते देताना आईवडिलांचे उत्पन्न विचारात घेणे बंद केले. अठरा-वीस वर्षांचा तरुण स्वतंत्र नागरिक मानला गेला. वडिलांची पसंती आणि वडिलांचा खिसा या दोहोंपासून अभ्यासक्रमाची निवड मोकळी झाली.

विद्यार्थिसंख्या वेगाने वाढली, तसे नियोजनही कडक झाले आणि त्याला विरोधही झाला; १९६८ च्या मे महिन्यात स्टॉकहोमच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्याच विद्यार्थी संघाची इमारत ताब्यात घेतली होती. १९७७ च्या सुधारणेने परिचर्या, शिक्षक-प्रशिक्षण, कला अशा शालान्त शिक्षणानंतरच्या बहुतेक शाखा एका व्यवस्थेत आणल्या. पंचवीस वर्षे वय आणि चार वर्षांचा कामाचा अनुभव असलेल्यांसाठी प्रवेशाची वेगळी वाटही खुली झाली. मध्यवर्ती नियंत्रण १९९३ मध्ये बरेच सैल करण्यात आले. अभ्यासक्रम ठरवण्याचे अधिकार संस्थांकडे गेले आणि निधी विद्यार्थिसंख्येनुसार व उत्तीर्णतेनुसार मिळू लागला. २००७ मध्ये बोलोन्या प्रक्रियेनुसार, म्हणजे समान पदवी-रचनेच्या युरोपीय समझोत्यानुसार, पदव्यांची रचना युरोपातील इतर देशांशी जुळवण्यात आली.

याच जुळवणीमुळे इंग्रजी माध्यमातील पदव्युत्तर अभ्यासक्रम वाढले आणि जगभरातून, विशेषतः आशियातून, विद्यार्थी येऊ लागले. त्यांच्याही शिक्षणाचा भार स्वीडिश करदाता उचलत होता. डेन्मार्कने २००६ मध्येच युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क लावले होते. स्वीडिश संसदेने २०१० मध्ये तशीच तरतूद केली आणि शुल्कातून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल व्हावा, असे तत्त्व ठरवले. युरोपबाहेरून स्वतंत्रपणे, म्हणजे विद्यापीठांमधील देवाणघेवाणीच्या योजनेतून नव्हे, येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या एका वर्षात तीन चतुर्थांशांहून अधिक घटली. शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या आणि संख्या पुढे हळूहळू सावरली. शुल्क भरणाऱ्यांत भारतीयांचा गट आज मोठा आहे. करदात्यांची बाजू मला समजते. तरीही गावोगाव धान्य मागणाऱ्या मुलांसाठी छात्रवृत्त्या नेमणाऱ्या परंपरेत, बाहेरच्या हुशार पण गरीब मुलाची जागा या निर्णयाने फार आक्रसली, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पुढे फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये हीच वाट धरली.

पीएचडीचा टप्पा मात्र या बदलातून वगळलेला आहे. तेथे नागरिकत्व कोणतेही असो, शुल्क नाही. डॉक्टरेटसाठी काम करणारा संशोधक साधारणपणे विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. एकाच विभागात पुण्याहून आलेली पदव्युत्तर विद्यार्थिनी शुल्काचा हप्ता भरत असते आणि शेजारच्या खोलीत बसणारा तिचाच देशबांधव महिन्याचे वेतन घेत असतो. त्याचा प्रबंध पूर्ण झाला, की जाहीर चर्चेच्या काही आठवडे आधी एक प्रत खिळ्याने विद्यापीठातील फळीवर ठोकली जाते. हातोडी संशोधकाच्याच हातात असते, सहकारी भोवती उभे असतात, आणि त्या क्षणापासून तो प्रबंध कोणालाही वाचायला व आक्षेप घ्यायला खुला होतो.