मरीमायच्या वाट्याला न आलेली हगवण

विदर्भातल्या कितीतरी गावांच्या शिवेवर मरीमाय आहे. ती पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची देवी. रातोरात घरं ओस पाडणाऱ्या आजाराला लोकांनी देवी दिली. तान्ह्या पोराच्या हगवणीला मात्र काहीच दिलं नाही. ‘दात येत असतील’, ‘नजर लागली असेल’ म्हणत ती अंगावर काढली जायची. अजूनही जाते.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात वेगळा केला. पुढच्याच वर्षी थिओडोर एशेरिश यांना तान्ह्या बाळांच्या शीमध्ये एक जंतू सापडला, तोच आजचा ई. कोलाय. तो धडधाकट बाळांच्या पोटातही असतो, त्यामुळे त्याच्यावर फारसा संशय गेला नाही. तो यायला १९४५ उजाडलं. लंडनमधल्या बाळांच्या उन्हाळी जुलाबांमागे त्याचीच एक जात असल्याचं जॉन ब्रे यांनी दाखवलं. १९५६ मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जुलाबाच्या रुग्णांकडचा ई. कोलाय सोडला. तुकडा पाण्याने टम्म फुगला. म्हणजे जंतू आतडं न कुरतडताही अंगातलं पाणी ओढून घेऊ शकतो. पाण्यासारखे जुलाब होऊन पोराचे डोळे खोल जातात, ते यामुळेच. माझ्या मते या साध्या प्रयोगाची आपल्याकडे म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही.

रक्ती आवेची गोष्ट निराळी. तिचा जंतू, शिगेला, कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये जपानात शोधला. पटकीला पोटात लाखो-कोटी जंतू जावे लागतात, शिगेलाचे शंभरही पुरतात. त्यामुळे विहिरीत जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकली तरी शी धुतलेल्या हाताने पोराला घास भरवला की संपलं.

कोलकात्यासह सात ठिकाणी झालेल्या मोठ्या अभ्यासातले नमुने २०१६ मध्ये नव्या तंत्राने पुन्हा तपासले, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांच्या गंभीर जुलाबांमध्ये शिगेला सर्वांत वर निघाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात जंतू वाढवून बघण्याची सोय सहसा नसते. साथ आली तरच नमुने पुढे जातात. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात पाचडोंगरी-कोयलारीत उघड्या विहिरीच्या पाण्यातून पटकी पसरली, तेव्हा ते गेले. एकट्यादुकट्या पोराच्या जुलाबाला नाव मिळत नाही.

उपचार त्यावाचून अडत नाही, हे बरं. लिटरभर पाण्यात जलसंजीवनीचं एक पाकीट, अंगावरचं दूध चालू, झिंक चौदा दिवस. प्रतिजैविक लागतं ते मुख्यतः शीमध्ये रक्त असलं किंवा पटकीचा संशय असला तर. उठसूट दिलेल्या प्रतिजैविकांच्या बाटल्यांनी शिगेलाच निर्ढावला आहे. बाळांच्या जुलाबांमागे रोटाव्हायरस हा विषाणूही असतो, त्याची लस महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात आहे. शिगेला आणि ई. कोलायसाठी बाळाच्या लसीकरण कार्डात अजून रकाना नाही.