अर्धवट दिसण्याची दोनशे वर्षं

रस्त्याने जाताना विल्यम वोलॅस्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने एका दारावरची ‘जॉन्सन’ ही पाटी वाचली. दिसलं फक्त ‘सन’. डावीकडची अक्षरं गायब. हे टिकलं जेमतेम पंधरा मिनिटं. त्याने एकेक डोळ्याने पाहिलं, तरी तेच. म्हणजे बिघाड एका डोळ्यात नाही, डोळ्यांमागे कुठेतरी आहे. १८२४ साली रॉयल सोसायटीपुढे त्याने हे मांडलं आणि दृष्टीच्या नसांचे अर्धे धागे मेंदूकडे जाताना बाजू बदलतात, असा निष्कर्ष काढला. चार वर्षांनी तो वारला, तेव्हा त्याच्या मेंदूत गाठ सापडली. त्या पंधरा मिनिटांशी तिचा संबंध होता की तो साध्या अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा, दृष्टीवर येणारा झटका होता, यावर आजही एकमत नाही. माझ्या मते या विषयातली खरी अडचण इथेच आहे: निरुपद्रवी आणि गंभीर, दोन्ही सुरुवातीला सारखंच दिसू शकतं.

ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एअरी यांनाही हा त्रास होता, आणि त्यांचा डॉक्टर मुलगा ह्यूबर्ट यालाही. ह्यूबर्टने १८७० मध्ये आपल्या झटक्यांची चित्रं छापली. नजरेच्या मध्याजवळ एक ठिपका उमटतो, तो नालाच्या आकारात पसरतो, त्याच्या कडेला किल्ल्याच्या तटासारख्या लखलखत्या दातेरी रेघा असतात आणि आत काहीच दिसत नाही. आजही नेत्रतज्ज्ञाकडे येणारा पेशंट कागदावर हेच काढून दाखवतो.

पुढचं काम आकडेमोडीचं. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये स्वतःचे झटके मोजले आणि मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकतंय, असं सांगितलं. १९४४ मध्ये ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआओंना सशाच्या मेंदूत पेशींचं काम तात्पुरतं मंदावत सरकणारी तशीच संथ लाट सापडली. ते तर फिट्सचा अभ्यास करत होते! हे दोन वेग जुळतात, हे कुणी लिहायला १९५८ उजाडलं. तोवर सगळा दोष आकसणाऱ्या रक्तवाहिन्यांवर होता. २००१ मध्ये बॉस्टनमध्ये, बास्केटबॉल खेळलं की हमखास झटका येणाऱ्या एका माणसाच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं आणि ती लाट माणसातही दिसली.

म्हणून अशा झटक्यांना दिलं जाणारं ‘डोळ्याचं मायग्रेन’ हे नाव फसवं आहे. नेहमीचा प्रकार मेंदूतला, दोन्ही डोळ्यांना दिसणारा. डोकं न दुखताही येतो, हळूहळू पसरतो आणि ५ ते ६० मिनिटांत ओसरतो. खरोखर एकाच डोळ्याचं मायग्रेन दुर्मीळ असतं, आणि तपासणी केल्याशिवाय तसं गृहीत धरू नये.

वोलॅस्टनची युक्ती मात्र घरी करता येते: एक डोळा झाका, मग दुसरा. एकाच डोळ्यात पडद्यासारखी सावली असेल, विजेसारखे झोत आणि एकदम खूप काळे ठिपके तरंगू लागले असतील, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटत असू शकतो. एका डोळ्याची नजर अचानक गेली, मग ती परत आली तरी, किंवा बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, तर थेट इमर्जन्सी विभागात. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं झालं असेल, तर ‘अर्धशिशी असेल’ म्हणून घरी बसू नका; त्यात कपाळाची बाजू आणि चावताना जबडा दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा. निदान अर्धशिशीचंच झालं, तरी गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईने डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. अशा झटक्यांसोबत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या पक्षाघाताचा धोका वाढवतात.