श्रवणबैठक (ग्रामीण विदर्भ)

श्रवणबैठक : शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐकण्याची, त्यांवर बोलण्याची आणि ती एकमेकांना देण्याघेण्याची प्रथा. मोठी मैफल नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला होते, रात्री उशिरा संपते आणि तोवर परतीची शेवटची एसटी गेलेली असते. त्यामुळे विदर्भाच्या खेड्यातील श्रोत्याला गाणे मिळाले ते मुख्यतः रेडिओवरून. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 मध्ये सुरू झाले आणि 1952 पासून शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम ऐकू येऊ लागला. पुढे कॅसेट आणि मोबाइल आले.

या श्रोत्यांचा कान बहुधा भजनी मंडळात तयार झालेला असतो. पेटी, तबला आणि खंजिरी यांची सवय असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची परंपरा तर अमरावती जिल्ह्यातील मोझरीचीच. अशा श्रोत्याला सूर हलला की लगेच कळते, केरवा-दादरा हे ताल अंगातच असतात; विलंबित म्हणजे संथ ख्यालात मात्र सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हातून निसटते. एकतालाच्या बारा मात्रा अतिविलंबित लयीत चार-चार, पाच-पाच सेकंदांच्या होतात, म्हणजे तालाचा एक फेरा, एक आवर्तन, जवळपास मिनिटभराचे. मात्रा मोजत बसण्यापेक्षा तबल्याच्या ठेक्यातल्या ‘तिरकिट’ या बोलाकडे लक्ष ठेवावे. ते चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येते. दुसऱ्या तिरकिटानंतर ‘धी’, ‘ना’ आणि मग सम. चौथ्या मात्रेनंतर ‘तू ना’ येते, दहावीनंतर ‘धी ना’, एवढा फरक कानात बसला की दोन तिरकिटांची गल्लत होत नाही. नवख्यांसाठी एकच आवर्तन तीन-चार वेळा मागे घेऊन ऐकवणारी बैठक कंटाळवाणी वाटते खरी, पण तिचा उपयोग दहा व्याख्यानांपेक्षा अधिक होतो.

बैठकीला दहा-पंधरा माणसे पुरेत. घराची छपरी, वाचनालय किंवा देवळाचा सभामंडप चालतो. कवेलूचे छत आणि मातीच्या भिंती आवाज शोषून घेतात, म्हणून अशा जुन्या घरात गाणे स्वच्छ ऐकू येते. टिनाखाली आवाज घुमतो आणि पाऊस आला की सारेच संपते. उन्हाळ्यात खरा शत्रू कूलर. त्याच्या घरघरीत तंबोरा पूर्ण बुडतो आणि तंबोरा बुडाला की गायकाचा सूर तोलायला आधार राहत नाही. चैत्र-वैशाखात म्हणूनच बैठक रात्री नऊनंतर अंगणात घेतात. स्पीकर कोपऱ्यात किंवा पेटाऱ्यावर ठेवू नये, डग्गा गुरगुरतो. लाकडी स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवावा आणि ‘बास’ वाढवणारे बटण बंद करावे. लग्नाच्या डीजेसाठी बनवलेला स्पीकर कितीही महाग असला तरी या कामाचा नाही.

दोन तासांत एक लांब ख्याल आणि दोन छोट्या चिजा बसतात. जास्त ऐकवले तर बोलायला वेळ उरत नाही. बैठक रात्रीची असल्याने बागेश्री, मालकंस, दरबारी यांची चंगळ होते आणि तोडी, ललत वर्षभर मागे पडतात. कार्तिकात काकड्यासाठी माणसे पहाटे उठलेलीच असतात. सकाळचे राग ऐकवायचे तर आरतीनंतरचा तास सोयीचा. पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बैठका ठेवण्यात अर्थ नसतो.

ध्वनिमुद्रणासोबतची चिठ्ठी ही या प्रथेतील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत गरजेची गोष्ट. कलाकार, साथ, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, मूळ माध्यम, कोणत्या प्रतीवरून उतरवले आणि गती बदलली का, एवढे तरी हवे. 1902 मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायले, तेव्हा शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना मुद्रण कोणाचे ते कळायला हवे होते. रेडिओवरून भरलेल्या कॅसेटींची अडचण याच्या उलट आहे. निवेदन वगळून गाणे सुरू झाल्यावर बटण दाबलेले असते आणि नाव कायमचे जाते. मग कोणीतरी आवाजावरून अंदाज करतो, दुसरा तो लिहून ठेवतो आणि तिसऱ्या प्रतीत अंदाजाचे ठाम विधान झालेले असते. चिठ्ठीवर ‘बहुधा’ लिहिण्याची लाज बाळगू नये.

गतीचा दोषही असाच फसवतो. गती सुमारे 6 टक्क्यांनी वाढली की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पेटीच्या काळी एक या पट्टीत गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी 80 फेऱ्यांनी फिरवली तरी त्याच्या निम्म्याहून थोडा कमी फरक पडतो. जुन्या काळी मुद्रणाची गती नेहमी नेमकी 78 नसे. म्हणून पेटीवर गायकाचा षड्ज (सा) तपासावा, पण तो पेटीला जुळेपर्यंत गती हलवत बसू नये. तंबोरा पेटीच्या पट्टीतच लावलेला असेल असे नाही.

78 च्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावतात. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ‘पिया बिन नाही आवत चैन’ तेवढ्यात मावून पूर्ण वाटते, पण त्याच मापात ख्यालाचा विस्तार होत नाही. 78 ऐकून कोणाच्या आलापीवर मत देणे अन्यायाचे. पुढे आलेल्या एलपीवर, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीवर, एका बाजूला वीसेक मिनिटे मिळाली. अमीर खाँ यांच्या मारवा आणि दरबारीच्या एलपीत प्रत्येक रागाला एक बाजू आहे. झुमरा तालाच्या चौदा मात्रांत मारवा किती सावकाश उलगडतो ते तिथे कळते.

जुन्या तबकड्यांतली लाख पळस-कुसुमाच्या झाडांवर किडे तयार करतात तीच. पूर्व विदर्भाच्या जंगलांत तिचे उत्पादन होते. ती स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून पावसाळ्यातली बुरशी स्पिरिटने पुसू गेले की तबकडी गेली. कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ कापड, आणि मधला कागद कोरडा. एलपीची बारीक सुई 78 वर लावू नये, रुंद खाचेच्या तळाशी घासून खरखर वाढते. विदर्भाच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेली एलपी वाकते; जमिनीलगतच्या कपाटात उभी ठेवावी.

कॅसेट उतरवण्याआधी ती एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवावी, हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. आवाज दबलेला असेल तर आतली छोटी गादी निखळलेली असते. फीत स्क्रूच्या दुसऱ्या कव्हरात बदलली की काम होते. तरीही चाट, म्हणजे तबल्याच्या कडेचा बोल, बोथट वाटली तर हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवून ती सर्वांत टोकदार ऐकू येईल तिथे थांबावे. मोटारपंप सुरू होतानाचा ‘कट्ट’ रेडिओच्या मुद्रणात उतरलेला असतो. तो काढायच्या नादात सफाई अति केली की तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणकार, तीही जाते. तसाच राहू द्यावा.

वाटपासाठी 128 केबीपीएसची एमपी3 तासाला सुमारे 57 एमबी होते, खेड्यातल्या नेटवर्कला ती झेपते. जतनाची प्रत फ्लॅकमध्ये (आवाजातले काही न गाळणारा फाइल-प्रकार) पेन ड्राइव्हवर द्यावी. स्पीकरसमोर मोबाइल धरून व्हॉइस नोट पाठवणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण ती सोय बोलण्यापुरती असते.

चर्चेत आधी कलाकाराचे नाव झाकून ऐकवले तर घराण्याचे वाद टळतात. वाद रागावर व्हावा आणि नेमक्या जागेवर व्हावा. ‘हा भूप नव्हे, देशकार’ असे कोणी म्हटले तर मिनिट-सेकंद सांगून ती जागा पुन्हा लावावी. स्वर तेच पाच. भूपात गंधारावर विसावा आणि पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) वावर, देशकारात धैवत आणि उत्तरांग (वरचा अर्धा). बंदिशीची खात्री करायला संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग तालुक्याच्या संगीत शिक्षकाकडे सापडण्याची शक्यता असते. छापील बंदिशीहून गायकाने वेगळे गायले म्हणजे तो चुकला असे मात्र नाही.

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (1957) ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. 1960 ची तबकडी 2021 पासून मोकळी आहे. नफ्यासाठी नसलेल्या मंडळाने आपल्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्यास कायद्यात सूट आहे. ती ऐकवण्यापुरतीच आहे, प्रती वाटण्याला लागू नाही. प्रत्यक्ष मैफल मोबाइलवर टिपायची तर कलाकाराची परवानगी आधी घ्यावी लागते.